हर्निया परत आलाय आणि आता रोबोट म्हणतायत: नाशिकच्या ओपीडीतले नेहमीचे प्रश्न

मी नाशकात सर्जन आहे. जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन एकदा झालेलं, तरी गाठ पुन्हा दिसायला लागलेली, अशी माणसं येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलवर रोबोटचा व्हिडिओ. मी आधी विचारतो, "जुन्या ऑपरेशनचा कागद कुठाय?" तो बहुतेकदा नसतो. 'घर बदललं तेव्हा गेला', 'पावसात भिजला', 'ते हॉस्पिटलच आता बंद झालंय.' खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं त्या कागदाबद्दल आहे आणि उरलेलं रोबोटबद्दल.

ही गाठ म्हणजे हर्निया परतच आलाय, हे कसं ओळखायचं?

गाठ दिसली म्हणजे परत आलाच, असं नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तिथे पाणी साचतं. हर्निया मोठा असेल तर त्याची रिकामी झालेली जागा पाण्याने भरते आणि गाठ हुबेहूब आधीसारखी दिसते. रुग्ण घाबरतो, घरचे त्याहून जास्त. ही गाठ खोकल्यावर फुगत नाही, झोपल्यावर आत जात नाही आणि बहुतेकांची दीड-दोन महिन्यांत आपोआप जिरते. सुई घालून पाणी काढायची घाई करू नका. काढलं तरी पुन्हा भरतं आणि जंतूंना आत बसवलेल्या जाळीपर्यंत जायला वाट मिळते ती वेगळीच.

खरा परत आलेला हर्निया सहसा आधी उभं राहिल्यावर जाणवतो. संध्याकाळी मोठा, सकाळी अंथरुणात गायब. मी रुग्णाला उभं करतो, जुन्या व्रणाच्या आसपास तीन बोटं ठेवतो आणि तोंड बाजूला वळवून खोकायला सांगतो. बोटांना आतून धक्का बसला की बरंचसं कळतं. शंका उरली तर सोनोग्राफी, पण तीही जोर करायला लावून केलेली हवी. नुसतं आडवं झोपवून केलेली 'नॉर्मल' सोनोग्राफी मी फारशी मनावर घेत नाही. क्वचित सीटी किंवा एमआरआय लागतो.

आणखी दोन गोष्टी. दुसऱ्या बाजूला हर्निया निघाला तर तो परत आलेला नव्हे, नवा. आणि गाठ नसताना नुसतं दुखत असेल तर तो वेगळाच विषय आहे: नस दुखावलेली असू शकते, कंबर असू शकते, खुबा असू शकतो. नुसत्या दुखण्यासाठी पुन्हा जाळी बसवून घेऊ नका.

जाळी बसवली होती ना? मग परत कसा आला?

जाळी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचं विणलेलं कापड. ते कमकुवत जागेवर अंथरायचं, मग त्याच्या छिद्रांतून आपलंच मांस वाढतं आणि भिंत पक्की होते. जाळीमुळे हर्निया परत येण्याचं प्रमाण नुसत्या टाक्यांच्या ऑपरेशनपेक्षा निम्म्याहून खाली आलं, हे खरं. तरीही जगभरात जांघेच्या हर्नियाची जेवढी ऑपरेशनं होतात, त्यांतली साधारण दहा ते पंधरा टक्के परत आलेल्या हर्नियाची असतात.

जाळी फाटून हर्निया सहसा येत नाही. तो येतो कडेने. समोरून, म्हणजे जांघेत चिरा देऊन केलेल्या ऑपरेशनात जाळीचं आतल्या बाजूचं टोक जांघेच्या हाडावर दीड-दोन सेंटिमीटर चढलेलं हवं. तिथे ते आखूड पडलं की पुढे नेमकं तिथूनच पोट डोकावतं. पोटाच्या आतून, म्हणजे दुर्बिणीने बसवलेली जाळी लहान असली, किंवा खालची कड नीट पसरली नाही, तर ती चटईच्या कोपऱ्यासारखी गुंडाळते आणि तिच्याखालून हर्निया सरकतो. जाळी पुढे थोडी आक्रसतेही. म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनात निदान दहा बाय पंधरा सेंटिमीटरची जाळी हवी, असं सगळीकडे मानतात. 'छोटं छिद्र, छोटी जाळी' हा हिशोब इथे चालत नाही.

तिसरं कारण माझ्या स्वतःच्या हातून घडलेलं. सुरुवातीच्या वर्षांतला माझा एक रुग्ण चार महिन्यांनी परत आला, गाठ तशीच. पुन्हा आत पाहिलं तर जाळी जागच्या जागी होती. वृषणाकडे जाणाऱ्या दोरीला चिकटलेला चरबीचा लांबट गोळा मी पहिल्या वेळी काढलाच नव्हता. तो जाळीखालून बाहेर येऊन हर्नियाचं सोंग करत होता. त्या दिवसापासून मी त्या दोरीवरून दोनदा हात फिरवल्याशिवाय जाळी मागवत नाही.

जुनं ऑपरेशन नव्वदच्या दशकातलं असेल तर कदाचित जाळी नसेलच. तेव्हा तालुक्याच्या गावी बासिनी पद्धतीचे टाकेच घालायचे. ही पद्धत इटलीतल्या पादुआच्या बासिनी यांनी १८८० च्या दशकात आणली आणि तिने शंभर वर्षं राज्य केलं. मग १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या लिश्टनस्टाइन यांनी 'ओढून शिवू नका, वर कापड घाला' म्हटलं आणि सगळं बदललं.

माझी चूक झाली का? मी लवकर कामाला लागलो.

बहुतेकदा नाही. एकदा क्रेट उचलला आणि हर्निया परत आला, असं सरळ गणित नसतं. त्यापेक्षा रोज रात्री येणारा खोकला, रोज सकाळचं कुंथणं, प्रोस्टेटमुळे लघवीला करावा लागणारा जोर, सुटलेलं पोट आणि बिडी-सिगारेट जास्त नडतात. सिगारेटने नुसता खोकला येत नाही, शरीराचा धागाही कच्चा होतो. जखम भरणारं कोलॅजनच नीट बनत नाही. काही घराण्यांत हा धागा मुळातच कच्चा असतो. वडिलांना हर्नियाचा पट्टा, काकांना पट्टा, आता मुलाला दोन्ही जांघांत हर्निया.

दुसऱ्या ऑपरेशनआधी मी निदान चार आठवडे धूम्रपान बंद करायला लावतो, शुगर आटोक्यात आणून घेतो आणि खोकला, पोट, लघवी यांची व्यवस्था लावतो. यात काही रुग्ण रागावतात. "रोबोटला काय फरक पडतो?" असं एकांनी मला विचारलंही होतं. रोबोटला पडत नाही, जाळीला पडतो.

दुसऱ्यांदाचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड का असतं?

व्रणामुळे. पहिल्या वेळी जांघेतले थर कांद्याच्या पातींसारखे सुटे असतात, बोटाने वेगळे होतात. दुसऱ्या वेळी ते थर, जुनी जाळी, नसा आणि वृषणाला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या सगळ्या एकात एक गच्च बसलेल्या असतात. जुनी जाळी हाताला लागते ती चिक्कीच्या तुकड्यासारखी, कडक आणि खडबडीत. ती सोडवताना नस तुटली तर कायमचं दुखणं मागे लागतं. वाहिनी गेली तर वृषण सुजतं आणि काही महिन्यांत आक्रसून लहान होतं. त्याच जागेतून पुन्हा जाणं टाळावं, ते एवढ्यासाठी.

मग पुन्हा समोरून करायचं की आतून?

या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

जांघेच्या भिंतीला दोन बाजू आहेत. एक कातडीकडची, म्हणजे समोरची. दुसरी पोटाकडची, म्हणजे मागची. साधं चिरा देऊन केलेलं ऑपरेशन समोरून होतं. दुर्बिणीचं किंवा रोबोटचं ऑपरेशन मागून होतं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा गाभा साधा आहे: पहिलं समोरून झालं असेल तर दुसरं मागून करा, पहिलं मागून झालं असेल तर दुसरं समोरून करा. ज्या जागेला कोणी हात लावलेला नाही तिथून जा. तिथे व्रण नाही, थर सुटे आहेत, नसा दिसतात.

मागून जाण्याचा आणखी एक फायदा आहे. जांघेत हर्निया यायच्या तीन जागा आहेत आणि तिन्ही एकाच कमकुवत टापूत येतात. फ्रेंच सर्जन फ्रुशो यांनी १९५६ साली तो टापू एकसंध म्हणून दाखवला. मागून पाहिलं की तिन्ही जागा एका नजरेत दिसतात आणि एकाच मोठ्या जाळीखाली झाकता येतात. शिवाय पोटाचा दाब जाळीला भिंतीवर दाबून धरतो. टायर आतून फाटला की पंक्चरवाला आतून गेटर टाकतो, बाहेरून चिकटवत नाही. हवा भरली की हवाच गेटरला धरून ठेवते. तसंच हे.

म्हणून पहिला प्रश्न रोबोटचा नाही. पहिला प्रश्न, मागच्या वेळी कुठून गेले होते. त्याचं उत्तर जुन्या ऑपरेशनच्या नोटमध्ये असतं. कागद नसेल तर निदान पोट दाखवा. जांघेत चार बोटांची आडवी रेघ असेल तर समोरून झालं. बेंबीशी आणि आजूबाजूला तीन बारीक ठिपके असतील तर मागून.

माझं समोरून आणि मागून, दोन्हीकडून होऊन गेलंय. तरी परत आला.

हा खरा अवघड रुग्ण. इथे कोणतीच बाजू कोरी नाही. अशा वेळी हे काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जावं, मग ते नाशकात असोत, पुण्यात असोत की मुंबईत. सीटी किंवा एमआरआय काढून, आधीच्या जाळ्या कुठे आहेत ते पाहून ठरवावं लागतं. जाळीजवळ मूत्राशय चिकटलेलं असतं, मांडीकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी तिच्या कडेला असते. माझ्या मते रोबोटचा सगळ्यात जास्त उपयोग इथे होतो.

रोबोट म्हणजे नक्की काय? मशीन स्वतः कापतं का?

नाही. मशीन स्वतःहून केसभरही हलत नाही. सर्जन त्याच खोलीत, टेबलापासून काही फुटांवर एका कन्सोलवर बसतो. समोर पोटातलं चित्र खोलीसकट दिसतं आणि कितीतरी मोठं दिसतं. हातात दोन पकडी असतात. सर्जनचं मनगट फिरलं की पोटातल्या हत्याराचं टोक फिरतं. हाताची बारीक थरथर यंत्र गाळून टाकतं. रुग्णाच्या पोटावर साधारण आठ मिलिमीटरची तीन छिद्रं असतात, त्यांना यंत्राचे हात जोडलेले असतात आणि शेजारी एक सहायक सर्जन उभाच असतो.

साध्या दुर्बिणीच्या हत्यारांना मनगट नसतं. सरळ काठ्या असतात त्या. लांब पक्कडीने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करा, म्हणजे कळेल. पोटाच्या आतलं पातळ अस्तर जाळीवर परत शिवून बंद करायचं असतं, तिथे रोबोटचं मनगट कामी येतं. दुर्बिणीत अनेकदा हे अस्तर बारीक पिनांनी टाचतात. चुकीच्या जागी पिन नसेवर बसली तर मांडी जळजळत राहते. शिवलं की हा धोका टळतो.

उणीवही सांगतो. बहुतेक यंत्रांत सर्जनच्या हाताला स्पर्श कळत नाही. किती ओढतोय ते डोळ्यांनीच ताडायचं. दाबाची जाणीव देणारी यंत्रं आता कुठे येऊ लागली आहेत. अमेरिकेत 'दा विंची' या यंत्राला २००० साली परवानगी मिळाली, म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही. आता भारतात बनलेलं 'मंत्र' नावाचं यंत्रही आहे.

मध्येच लाईट गेली तर?

यंत्राला स्वतःची बॅटरी असते आणि ऑपरेशन थिएटरला जनरेटर. अगदी बिघाड झालाच तर हात काढून बाजूला करतात आणि तेच ऑपरेशन दुर्बिणीने किंवा चिरा देऊन पुरं करतात. म्हणूनच मी म्हणतो, सर्जनला रोबोटशिवायही हे ऑपरेशन आलं पाहिजे.

दुर्बिणीपेक्षा रोबोट खरंच चांगला का?

साध्या, पहिल्यांदाच झालेल्या, एका बाजूच्या हर्नियासाठी म्हणाल तर: पुरावा तसं म्हणत नाही. अमेरिकेत १०२ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. महिनाभरातलं दुखणं, जखमेची गुंतागुंत, पुन्हा भरती होणं यांत फरक सापडला नाही. दुर्बिणीला साधारण ४० मिनिटं लागली, रोबोटला ७५. खर्च रोबोटचा जास्त. एवढंच नव्हे, रोबोट सर्जनची कटकट कमी करतो असं आपण समजतो, तर त्या तुलनेत रोबोटवाल्या सर्जनांची चिडचिड जास्त नोंदली गेली.

म्हणजे हर्निया परत येऊ नये म्हणून रोबोटच हवा, असं कोणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. मोठी जाळी, नीट सोडवलेली जागा आणि अनुभवी हात, हे तिन्ही असतील तर दुर्बिणीनेही काम उत्तम होतं.

मग तुम्ही रोबोट कोणाला सुचवता?

मागून एकदा झालेलं असून पुन्हा मागूनच जावं लागणार असेल त्याला. वृषणाच्या पिशवीपर्यंत उतरलेला मोठा जुना हर्निया असेल त्याला. दोन्ही जांघांतले परत आलेले असतील त्याला. आणि ज्याच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन रोबोटने होणारच आहे आणि हर्नियाही आहे, त्याला सर्जन आणि युरोसर्जन दोघांनी मिळून एकाच भुलीत करता येतं का ते विचारायला सांगतो.

पहिलं समोरून झालंय, हर्निया मध्यम आहे, तब्येत धडधाकट आहे, अशा माणसाला मी सांगतो: मागून करा, दुर्बिणीने करा, पैसे वाचवा. रोबोट घेतलात तर वाईट काही नाही. पण न घेतल्याने तुमचं काही बुडत नाही.

रोबोट कोणाला नको?

दुर्बीण असो की रोबोट, पूर्ण भूल लागते, पोटात वायू भरावा लागतो आणि डोकं खाली करून झोपवावं लागतं. हृदयाची ताकद कमी असेल, दमा फार असेल तर हे झेपत नाही. अशांना समोरून, कंबरेत भूल देऊन किंवा नुसती जागा बधिर करूनही ऑपरेशन करता येतं. आधी बेंबीखाली पोटाची मोठी ऑपरेशनं झालेली, प्रोस्टेट काढलेलं किंवा तिथे किरणं दिलेली असतील तरी मागची वाट बिकट होते. जाळीत पू झाला असेल तर आधी तो निस्तरायचा. त्यावर लगेच नवी जाळी घालत नाहीत.

जुनी जाळी काढून टाकता का?

सहसा नाही. ती त्रास देत नसेल तर तिथेच राहू देतात आणि नवी दुसऱ्या बाजूने बसवतात. पू होत असेल किंवा जाळीत नस अडकून असह्य दुखत असेल तरच काढायची.

ऑपरेशनच्या दिवशी नक्की काय होतं?

आदल्या रात्रीपासून उपास. किती तास, ते भूलतज्ज्ञ सांगतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आठवडाभर आधी सांगा, थिएटरच्या दारात नव्हे. एक आजोबा भूलतज्ज्ञाला शेवटच्या क्षणी म्हणाले, "ती बारीक पांढरी गोळी? ती तर मी रोज घेतो." ती रक्त पातळ करायचीच होती. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं, घरचे माझ्यावर रागावले.

आत जाताना लघवी करून जायचं. मूत्राशय रिकामं असेल तर ते वाटेत येत नाही. मग भूल, वायू, छिद्रं. अस्तर उघडून हर्नियाची पिशवी आत ओढायची, तिन्ही जागा मोकळ्या करायच्या, जाळी पसरायची, अस्तर शिवायचं. पडद्यावर मोठी रक्तवाहिनी धडधडताना दिसते आणि तिच्या बाहेरच्या अंगाला नसांचा त्रिकोण. या दोन जागी पिन किंवा टाका घालायचा नाही, हे सर्जन झोपेतसुद्धा विसरत नाही. परत आलेल्या हर्नियाला दीड ते तीन तास लागू शकतात. बाहेर बसलेल्यांना मी हे आधीच सांगतो, नाहीतर एक तास झाला की कँटीनमधून फोन सुरू होतात.

धोके कोणते?

पाणी साचणं, थोडं काळंनिळं होणं, हे बरेचदा होतं आणि जातं. लघवी अडकणं पुरुषांत होतं, विशेषतः प्रोस्टेट मोठं असेल तर. एखादा दिवस नळी घालावी लागते. तीन महिन्यांनंतरही दुखत राहणं हा धोका कोणत्याही पद्धतीत आहे. साधारण दहातल्या एकाला कमी-अधिक त्रास राहतो, पण रोजचं काम अडेल इतका फार थोड्यांना. मूत्राशय, आतडं, रक्तवाहिनी किंवा शुक्रवाहिनीला इजा होणं दुर्मिळ आहे, पण दुसऱ्यांदाच्या ऑपरेशनात पहिल्यापेक्षा जास्त. अजून मूल हवं असेल तर हे आधी सांगा. सर्जन शुक्रवाहिनीकडे दुप्पट लक्ष देईल. आणि हो, पुन्हा परत यायची शक्यता शून्य नाही. शून्य आहे असं सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा.

घरी कधी, बाइक कधी, मळ्यात कधी?

त्याच संध्याकाळी चालवतो. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. खोकताना, शिंकताना उशी पोटाशी धरा. पहिल्या आठवड्यात पोट साफ होण्याची गोळी चुकवू नका. पहिल्या चार दिवसांत कुंथण्यापेक्षा गोळी बरी.

बाइकचा माझा नियम असा: उभ्या बाइकवर बसा, अचानक ब्रेक दाबल्यासारखा पाय जोरात दाबा. जांघेत कळ आली नाही तर चालवा. साधारण आठ-दहा दिवस लागतात. द्वारका चौकात परीक्षा घेऊ नका, घरासमोर घ्या. टेबलावरचं काम आठवड्यात. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात उभं राहून काम असेल तर दोन-तीन आठवडे. महिनोन् महिने वजन उचलू नका, असं म्हणायला शास्त्रात फारसा आधार नाही. दुखत नसेल तेवढं करा, हाच हल्लीचा सल्ला. तरी परत आलेल्या हर्नियात, भरलेले द्राक्षाचे क्रेट उचलणाऱ्याला मी सहा आठवडे थांबवतो. हे माझं मत आहे, याला पुराव्याचा शिक्का नाही. वणीच्या गडाच्या पायऱ्या? महिन्याने खुशाल चढा. त्याआधी दर्शन हवंच असेल तर ट्रॉली आहे.

द्राक्षाचा हंगाम उरकून आलो तर चालेल का?

निफाड-दिंडोरीकडून जानेवारीत हा प्रश्न हमखास येतो. पुरुष असाल, गाठ सहज आत जात असेल, दुखत नसेल, तर काही महिने थांबायला हरकत नाही. थांबून पाहण्यावर मोठा अभ्यास झालाय: अचानक अडकण्याचं प्रमाण फार कमी निघालं. पण त्याच पुरुषांचा पुढे मागोवा घेतला तर दहा वर्षांत सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी ऑपरेशन करून घेतलं होतं, मुख्यतः दुखतं म्हणून. म्हणजे ऑपरेशन बहुधा टळत नाही, तारीख मात्र तुमच्या सोयीची ठरवता येते.

एक अपवाद. गाठ घट्ट झाली, आत जात नाही, दुखते, उलट्या होतायत, वारा सरत नाही: मग हंगाम, लग्न, कोर्टाची तारीख काही पाहू नका. रात्री दोन वाजता असेल तरी जवळच्या तातडीच्या विभागात जा. आतडं अडकलं की तास मोजायचे असतात. आणि घरी गाठ जोर लावून आत दाबत बसू नका.

आईला झालंय. बायकांनाही होतो का?

होतो, कमी प्रमाणात. पण त्या तीन जागांपैकी तिसऱ्या, मांडीकडच्या जागेतला हर्निया बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतो आणि तो अडकण्याची शक्यता बरीच असते. समोरून केलेल्या ऑपरेशनात तो कधी कधी दिसतच नाही. मग वर्षाने 'परत आला' म्हणतात, खरं तर तो पहिल्यापासून तिथेच होता. म्हणून बायकांचा हर्निया मी थांबवून ठेवत नाही आणि मागूनच करतो. आई लाजेने सांगत नसेल तर लेकीने किंवा सुनेने विचारावं. माझ्याकडे आलेल्या एक आजी सहा महिने लुगड्याची निरी गाठीवर घट्ट खोचून काम करत होत्या.

पट्टा वापरला तर?

पट्ट्याने हर्निया बरा होत नाही. परत आलेल्यात तर कातडी सोलते आणि आतला व्रण वाढतो. ऑपरेशन अजिबात शक्य नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधार म्हणून ठीक.

खर्च आणि विमा?

आकडा लिहीत नाही. खोलीच्या वर्गापासून जाळीच्या कंपनीपर्यंत सगळ्यावर तो हलतो. रोबोट महाग का, ते सांगतो. यंत्र कोट्यवधींचं, देखभालीचा वार्षिक करार वेगळा आणि त्याची हत्यारं ठरावीक वेळा वापरली की यंत्रच ती बाद करतं. ते सगळं बिलात येतं. लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात रोबोटचं शुल्क वेगळं दाखवायला सांगा.

विम्याचं असं. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाने २०१९ च्या सूचनांत रोबोटिक सर्जरी आधुनिक उपचारांच्या यादीत घातली, ती सरसकट वगळू नये म्हणून. पण कंपनी तिच्यावर वेगळी मर्यादा घालू शकते आणि पुष्कळ पॉलिसींत ती असते. त्यामुळे पाच लाखांच्या पॉलिसीतही रोबोटसाठी हातात थोडेच पडतात. कॅशलेस मंजुरीच्या अर्जावर 'रोबोटिक' हा शब्द आहे का ते पाहा. नंतर कळलं तर फरक तुमच्या खिशातून. हर्नियाला बहुतेक पॉलिसींत सुरुवातीची दोन वर्षं थांबावं लागतं, आणि पहिलं ऑपरेशन पॉलिसी घेण्याआधीचं असेल तर ते लपवू नका. पोटावरचा व्रण लपत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तुमच्या ऑपरेशनची कोणती पद्धत योजनेत धरली जाते, हे त्यांना भरती होण्याआधी विचारा. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयातही सर्जरीची ओपीडी असते. पैशासाठी गाठ घेऊन वर्षानुवर्षं बसू नका.

सर्जनला काय विचारू? वाईट तर वाटणार नाही ना?

वाटलं तर वाटू द्या. मागून करायच्या हर्नियाच्या ऑपरेशनात हात बसायला पन्नास ते शंभर ऑपरेशनं लागतात, असं मार्गदर्शक सूचनाच सांगतात. तेव्हा सरळ विचारा: जांघेच्या हर्नियाची मागून किती ऑपरेशनं केलीत? त्यांतली परत आलेल्यांची किती? रोबोट बंद पडला तर तुम्ही स्वतः दुर्बिणीने पुरं कराल का? माझ्या बाबतीत हीच बाजू का निवडली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना सर्जनने तुमचा जुना कागद मागितला नाही, तर दुसरीकडे एकदा दाखवून घ्या.

येताना काय आणू?

जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोट. जाळीच्या पाकिटावरचा स्टिकर बऱ्याचदा फाइलच्या शेवटच्या पानावर चिकटवलेला असतो, तोही बघा. कंपनी आणि माप त्यावर असतं. कागद हरवला असेल तर त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून पाहा, कधी कधी मिळतो. चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत भरून आणा, नावं आठवत बसू नका. सोनोग्राफीचा नुसता रिपोर्ट नको, फिल्मही आणा. आणि सकाळी आलात तर ओपीडीत बसण्याआधी आवारात दोन फेऱ्या मारून या, म्हणजे गाठ खाली उतरलेली असेल आणि मला नीट दिसेल.